शून्य एक एक

काछीपुऱ्याच्या वळणावर माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आठ कॉपी पन्नास रुपये.
अशोक विजयादशमीची दुपार,
दीक्षाभूमीकडचा रस्ता निळ्या झेंड्यांनी दाटलेला,
आणि ती आत आली. पांढरे कपडे, एकाच पायात चप्पल,
पोटाशी धरलेली पिशवी
एका बाजूनं ब्लेडनं कापलेली.

मी म्हटलं, बसा न बाई.
तिनं पिशवी काउंटरवर उलटी केली:
अर्धी अगरबत्ती, चिंचेच्या गोळ्या,
चष्म्याची डबी, हॉटेलची किल्ली.
पासपोर्ट गेला हे सांगायला तिला भाषा लागली नाही.
दोन तळहातांचं पुस्तक केलं,
उघडलं, मिटलं,
मग हात रिकामे.

माझ्या बिलबुकाच्या मागं तिनं लिहिलं: पियावन. थायलंड.
चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी निघाली,
घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली.
दिल्लीच्या वकिलातीचा नंबर,
शून्य एक एकपासून.

तिचा मोबाईलही त्याच ब्लेडनं नेला होता.
मी माझ्यावरून लावला. रिंग. रिंग.
मग मशीन बोलली, आज सुट्टी.
आपला दसरा दुसऱ्यांच्या देशालाही लागतो
हे मला तेव्हा कळलं.
मशीननं दुसरा नंबर सांगितला, तातडीचा,
इतक्या भरभर, की मी तीनदा लावून
थोडे थोडे आकडे धरले,
नळ जायच्या आत गुंड भरावं तसे.

तवर दुकानात गर्दी.
वर्ध्याचा पोरगा दाखल्याच्या चार कॉपी मागून राहिला.
हिंगणघाटची एक मावशी म्हणे, काऊन व माय, काय झालं हिले?
सांगितलं. मावशीनं कमरेची पिशवी सोडली,
वीसची नोट पियावनच्या मुठीत कोंबली.
ती परत देऊन राहिली, मावशी घेईना.
नोट शेवटी माझ्या स्टेपलरखाली राहिली.

आठव्या रिंगला कोणीतरी उचलला.
हॅलो नाही म्हटलं, तिचाच शब्द म्हटला.
मी फोन तिच्या कानाला लावला
आणि बसलेली बाई उभी राहिली.
खांद्यावर काही नव्हतं तरी काही नीट केलं,
आणि एका चपलेवर तोल सावरत
वाकून नमस्कार केला,
ज्याला ती दिसत नव्हती त्याला.
मग रडली. इतका वेळ नाही, आता.

माझा भाऊ प्रभंजन मस्कतला होता,
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
तो वकिलातीला फोन लावायचा,
आपण रांगेत आहात, एवढं ऐकता ऐकता
बॅलन्स संपायचा.
मग मला मिस्ड कॉल. आमचं ठरलेलं,
एक रिंग म्हणजे नाही लागला, दोन म्हणजे लागला.
सव्वा वर्ष मी एका रिंगवर झोपले.
आता तो मिहानात गाडी चालवतो.
त्या दिवसांचं बोलत नाही.

तिकडच्या साहेबानं फोन मला मागितला,
इंग्रजीत विचारलं, तुम्ही नक्की कुठे आहात?
मी एका देशाला पत्ता सांगितला:
रसवंतीच्या बाजूला, पिंपळासमोर.
बजाजनगर ठाण्यात तक्रार द्या, म्हणाला, आणि दोन फोटो.

पांढऱ्या पडद्यासमोर बसवली.
हसायचं नाही, खुणेनं सांगितलं.
ती हसली. परत काढला.
परत हसली.
तिसऱ्यांदा मी कॅमेरा खाली ठेवून आधी चहा मागवला.

रात्री प्रभंजन जेवायला आला.
सगळं सांगून झालं, तरी ताटाकडेच पाहत होता.
मग विचारलं, कितव्या रिंगला उचलला?
आठव्या.
आठ, तो म्हणाला,
आणि भाकर मोडली.